आपली इच्छा व देवाची इच्छा

मनुष्याच्या अंतःकरणात इच्छा उत्पन्न होण्यास वयाची अट नाही. पाळण्यातील बालक चंद्राकडे हात पसरते. शाळेतील मुलास पहिला क्रमांक हवा असतो. तरुणास नोकरी हवी असते. आणि ज्यांचे सर्व काही झाले असे आपण म्हणतो, त्या वृद्धांसही डोळे मिटण्यापूर्वी नातवाचे लग्न पाहावे असे वाटतेच. एक मनोरथ पुरा होतो न होतो, तोच दुसरा दाराशी उभा राहतो. इच्छा असणे हे पाप नव्हे. ज्या देवाने मन दिले, त्यानेच त्या मनाला आस लावण्याची शक्ती दिली. इच्छा मुळीच नसती, तर शेतकऱ्याने नांगर हाती धरला नसता आणि विद्यार्थ्याने पुस्तक उघडले नसते. म्हणून ख्रिस्ती मनुष्याने सर्व इच्छा मारून दगडासारखे व्हावे, असे प्रभूने कोठेही शिकविलेले नाही.

मग त्याने काय शिकविले? जी प्रार्थना आपण लहानपणापासून तोंडपाठ म्हणतो, तिचा क्रम पाहावा. प्रथम पित्याच्या नामाचा मान, मग त्याचे राज्य, मग त्याची इच्छा, आणि त्यानंतर आपली रोजची भाकर. भाकरीची विनंती वगळलेली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. परंतु ती पहिलीही नाही. पोटाची गरज देवास सांगण्यापूर्वी देवाची इच्छा पुरी होवो असे म्हणावयाचे, असा हा नेम आहे. शब्द सोपे आहेत, आणि मुले ते एका श्वासात म्हणून टाकतात. परंतु त्या तिसऱ्या विनंतीचा अर्थ आयुष्यात ज्या दिवशी कळू लागतो, त्या दिवशी तिच्याशी येऊन जीभ अडखळते, असा आमचा अनुभव आहे.

आपल्या खानदेशात दुःखाच्या प्रसंगी लोक एक वाक्य हटकून बोलतात. कोणाचे पीक बुडाले, कोणाच्या घरी अकाली मृत्यू झाला, की अहिराणी बोलणाऱ्या आयाबाया पदराने डोळे पुसून म्हणतात, ‘देवनी मर्जी!’ हे उद्गार आम्ही हिंदूंच्या घरी ऐकले आहेत, मुसलमानांच्या वस्तीत त्याच अर्थाचे ऐकले आहेत, आणि ख्रिस्ती घरांतही ऐकले आहेत. शब्द एकच, पण ते म्हणण्याच्या तऱ्हा दोन आहेत. एकजण ते म्हणतो आणि मनाचे दार लावून घेतो. त्यात राग असतो, हताशपणा असतो; बलवानापुढे दुर्बळाने मान खाली घालावी, तशी ती मान खाली गेलेली असते. दुसरा तेच शब्द म्हणतो, परंतु ज्याच्याविषयी म्हणतो त्याचा हात सोडीत नाही. पहिल्या तऱ्हेस शरणागती म्हणता येईल. समर्पण म्हणावयाचे ते दुसऱ्या तऱ्हेस. या दोहोंतील अंतर कळावे, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.

गेथशेमाने बागेतील ती रात्र सर्वांस माहीत आहे. प्रभू येशू तेथे प्रार्थना करीत होता, आणि शिष्य झोपी गेले होते. पुष्कळ उपदेशक या प्रसंगाचा उत्तरार्ध तेवढा सांगतात. आम्हांस त्याचा पूर्वार्धही तितकाच मोलाचा वाटतो. प्रभूने प्रथम आपली इच्छा उघडपणे सांगितली. समोर आलेला दुःखाचा प्याला टळावा, असे त्यास वाटत होते, आणि ते त्याने पित्यापासून लपविले नाही. मरण गोड आहे असा आव त्याने आणला नाही. त्याचा जीव व्याकूळ झाला होता, त्याने भूमीवर पालथे पडून विनविले, आणि एकदाच नव्हे, तीनदा विनविले. आपले सर्व मन मोकळे केल्यावर मग त्याने निर्णय पित्यावर सोपविला. यावरून असे दिसते की, जो आपली इच्छा देवास सांगतच नाही, त्याच्यापाशी समर्पण करावयास काही उरतच नाही. रिकामी मूठ उघडली काय आणि मिटली काय, सारखेच. मुठीत काही असेल, आणि ते आपणांस प्रिय असेल, तरच ती उघडण्यास अर्थ आहे.

हे आम्ही पुस्तकात पुढे वाचले. पाहिले ते त्यापूर्वी, आमच्या घरीच. आमचे बालपण धुळ्यास गेले. वडील शिक्षक होते, आणि आम्ही तीन भावंडे होतो. सर्वांत धाकटी बहीण सहा वर्षांची असताना तिला विषमज्वर झाला. डॉक्टरांनी आपल्याकडून काही कमी केले नाही. वडिलांनी औषधासाठी पैसे उभे करताना मागेपुढे पाहिले नाही. आणि आई रात्रंदिवस उशाशी बसून राहिली. रात्री आम्हांस जाग येई, तेव्हा कंदिलाच्या मंद प्रकाशात आई हळू आवाजात प्रार्थना करताना ऐकू येई. तिची प्रार्थना साधी होती. ‘ही मला ठेव,’ एवढेच ती मागे. सजविलेले शब्द तीत नव्हते, नवससायास नव्हते. असे बारा दिवस गेले. तेराव्या रात्री तिच्या प्रार्थनेचे शब्द बदलले. ती म्हणाली, ‘मला ती हवी आहे, हे तुला ठाऊक आहे. मी तिला तुझ्या हाती देते.’ पहाटे बहीण गेली.

पांझरेच्या काठची ती सकाळ आमच्या स्मरणातून जात नाही. परंतु येथे सांगावयाचे आहे ते त्यानंतरचे. शेजारच्या एक वयस्क बाई भेटावयास आल्या. त्या म्हणाल्या, ‘पोरीसाठी एवढी प्रार्थना केलीस, माय, आणि देवाने ऐकले नाही. अजून त्याचे नाव कसे घेतेस?’ आईने काही वेळ उत्तर दिले नाही. मग ती म्हणाली, ‘त्याने ऐकले, पण केले नाही. का केले नाही ते मला कळत नाही. पण त्याच्याशीच अबोला धरला, तर हे दुःख मी सांगू कोणाला?’ पुढच्या रविवारी ती नेहमीप्रमाणे लहान मुलांच्या वर्गास शिकवावयास गेली. त्या वर्गात बहिणीची जागा रिकामी होती. आईने हजेरी घेतली, ते नाव आले तेव्हा ती थांबली, आणि मग पुढचे नाव वाचले.

आमच्या वाचकांपैकी कित्येक घरी असा एखादा पाट रिकामा असेल. त्यांस आम्ही असे मुळीच सांगणार नाही की, तुमचे मूल गेले ते तुमच्या बऱ्यासाठीच गेले. असे सांगण्याचा अधिकार कोणासही नाही. आईनेही तसे कधी म्हटले नाही. तिने कारण शोधून काढले नाही. तिने नाते तुटू दिले नाही, एवढेच. देवाच्या इच्छेपुढे आपली इच्छा ठेवणे म्हणजे देवाचा हेतू आपणांस कळला असे म्हणणे नव्हे. हेतू न कळताही ज्याच्यावर आपण विश्वास ठेवतो, त्याच्याशी बोलत राहणे, हे ते होय.

आता आपल्या जिल्ह्याशी ज्यांचा संबंध आला, अशा एका थोर ख्रिस्ती कुटुंबाकडे वळू. १९०७ साली जळगाव येथे महाराष्ट्रातील पहिले कविसंमेलन भरले. अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे होते. धरणगाव येथे १८९० साली जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाने तेथे काव्य म्हणून दाखविले, आणि त्यास ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जीव या मुलावर जडला. पुढे ठोमरे अहमदनगरास टिळकांच्या घरी राहिले, आणि लक्ष्मीबाई टिळकांनी त्यांस पुत्रवत् मानले. टिळक ख्रिस्ती, ठोमरे हिंदू आणि शेवटपर्यंत हिंदूच. तरी प्रेमात अंतर पडले नाही.

या दांपत्याच्या आयुष्यात मनाविरुद्ध घडलेल्या गोष्टी थोड्या नव्हत्या. टिळकांचा बाप्तिस्मा मुंबई येथे १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. त्या दिवसापासून पतिपत्नींची ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंच्या संसाराचा कणाच मोडला. पदरात लहान मूल, आणि लोकांच्या तोंडी नाना बोल. टिळकांचीही इच्छा अपुरीच होती, कारण पत्नीने आपल्या मार्गाने यावे असे त्यांस वाटत असताना ती येण्यास तयार नव्हती. काही वर्षांनी ती दोघे पुन्हा एकत्र आली. पुढे लक्ष्मीबाईंच्या मनातील जातिभेदाची बंधने त्यांच्या स्वतःच्या विचाराने गळून पडली, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. श्रद्धा आज्ञेने उत्पन्न होत नाही. तिच्यासाठी थांबावे लागते, हे या कथेवरून दिसून येते.

पुढे ५ मे १९१८ रोजी जळगावनजीक भादली स्टेशनाजवळ आगगाडीच्या अपघातात बालकवींचा अंत झाला. वय अवघे सत्तावीस. त्यानंतर एक वर्ष व चार दिवसांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले. प्रभूचे चरित्र मराठी महाकाव्यात गावे, ही टिळकांची मोठी आकांक्षा होती. ‘ख्रिस्तायन’ हे त्याचे नाव. आरंभीचे काही अध्याय लिहून झाले, आणि लेखणी थांबली. ज्या कवीपाशी प्रतिभा होती, विद्वत्ता होती, भक्ती होती, त्याला आयुष्य पुरले नाही. आता ते काम कोण करणार? ज्यांना शाळेचे शिक्षण नव्हते, ज्यांस अक्षरओळख पतीने मधून मधून करून दिली होती, त्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि उरलेला फार मोठा भाग स्वतः रचिला. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ १९३४ सालापासून भागशः प्रसिद्ध होऊ लागले, आणि मराठी भाषेच्या श्रेष्ठ ग्रंथांत त्याची आज गणना होते. १९३६ साली त्या वारल्या.

टिळकांची इच्छा पुरी झाली की नाही? त्यांच्या हातून झाली नाही, हे खरे. परंतु झाली, हेही खरे. आपण इच्छा करितो तेव्हा ‘हे काम व्हावे’ आणि ‘ते माझ्या हातून व्हावे’ अशा दोन इच्छा त्यात गुंतलेल्या असतात. पहिली बहुधा शुद्ध असते. दुसरीत आपला मोठेपणा हळूच शिरतो. देवाला वाहावयाची ती विशेषेकरून ही दुसरी.

संत पौलाची गोष्टही अशीच आहे. बिथुनियात जाऊन सुवार्ता सांगावी, असा त्याचा बेत होता. त्यात वाईट काय होते? तरी ती वाट बंद झाली. त्रोवस येथे त्यास दृष्टांत झाला, आणि तो मासेदोनियास गेला. फिलिप्पै नगरात लुदिया नावाची जांभळी वस्त्रे विकणारी स्त्री विश्वासू झाली, आणि त्याच नगरात पौलाला फटकेही बसले व तुरुंगही भोगावा लागला. वाट देवाने दाखविली म्हणून ती सुखाची असते असे नाही, हेही येथे लक्षात घ्यावे. आपल्या धुळ्याच्या तुरुंगानेही एक असेच उदाहरण पाहिले आहे. १९३२ साली विनोबा भावे तेथे बंदिवान होते. बाहेरची सर्व कार्ये खुंटली होती. तेव्हा २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी, असे अठरा रविवार, त्यांनी आपल्या सोबतच्या बंदिवानांस गीतेवर प्रवचने सांगितली, आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. धर्म निराळा, ग्रंथ निराळा. परंतु फळाची आस सोडून हाती असलेले काम करावे, ही शिकवण आपल्या भूमीला परकी नाही. बंद दारासमोर कपाळ बडवीत न बसता, ज्या खोलीत आहोत त्या खोलीत काय करता येईल, हे त्यांनी पाहिले.

येथे कोणी आक्षेप घेईल की, सर्व काही देवाच्या इच्छेवर सोडावयाचे, तर मग श्रम तरी कशास करावयाचे? याचे उत्तर आमचा खानदेशी शेतकरी अधिक चांगले देईल. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वीच कित्येक शेतकरी कोरड्या मातीत कपाशीचे बी टाकतात. त्यास धूळपेरणी म्हणतात. आकाशात ढग नाही, जमिनीत ओल नाही, आणि घरातील पैसा मातीत गेलेला. पाऊस वेळेवर आला तर पीक लवकर हाती येते. न आला तर दुबार पेरणी नशिबी येते. पाऊस पाडणे त्याच्या हाती नाही, हे तो जाणतो. परंतु पेरणे त्याच्या हाती आहे, हेही तो जाणतो. रावेर-यावलकडील केळीच्या बागा उन्हाळ्याच्या अखेरीस वावटळीने एका तासात आडव्या होतात. वर्षाची मेहनत डोळ्यांदेखत भुईला मिळते. दुसऱ्या दिवशी घरधनी बांधावर बसून रडतो, आणि काही दिवसांनी पुन्हा कंद लावावयास निघतो. जे आपल्याकडे आहे ते पूर्ण करावे, आणि जे आपल्याकडे नाही ते देवाकडे सोपवावे. या दोहोंची अदलाबदल झाली की घोटाळा होतो: आळशी मनुष्य आपले काम देवावर टाकतो, आणि अहंकारी मनुष्य देवाचे काम आपल्या डोक्यावर घेऊन झुरत बसतो.

दुसरी एक गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. जे जे घडते ते ते सर्व देवाच्या इच्छेने घडते, असे समजू नये. बाप दारू पिऊन घरी मारहाण करतो, ही देवाची इच्छा नव्हे. हुशार मुलीस शाळेतून काढून तिचे लग्न लावून देतात, आणि म्हणतात, देवाच्या मनात होते! ते देवाच्या मनात नव्हते. ते माणसांच्या मनात होते. गरिबाची मजुरी बुडविणारा, हुंडा मागणारा, जातीवरून माणसाला दूर बसविणारा, हे सर्व देवाचे नाव पुढे करून आपली इच्छा चालवितात. प्रभूने आजाऱ्यांस ‘सोसा’ असे सांगून परत पाठविले नाही. त्यांस बरे केले. मंदिरात बाजार मांडलेला पाहून तो गप्प राहिला नाही. म्हणून अन्यायापुढे मान तुकविणे यास समर्पण म्हणता येत नाही. कित्येकदा देवाच्या इच्छेपुढे आपली इच्छा ठेवणे याचाच अर्थ, स्वस्थ बसण्याची आपली इच्छा सोडून अन्यायाविरुद्ध उभे राहणे, असा होतो.

विद्यार्थिमित्रहो, आता तुमच्याविषयी. परीक्षा जवळ आली की प्रार्थनेस गर्दी होते, आणि निकाल लागला की ती ओसरते. परीक्षेपूर्वी प्रार्थना करण्यात काही गैर नाही. पाहिजे ते मोकळेपणे मागा. परंतु वर्षभर पुस्तक न उघडता मागितलेले गुण म्हणजे न पेरता मागितलेले पीक होय. आणि मनापासून अभ्यास करूनही इच्छित गुण मिळाले नाहीत, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत एखाद्या गुणाने नाव मागे राहिले, तर सर्व संपले असे मनात आणू नका. एक दार बंद झाले आहे. घर पडलेले नाही. त्या रात्री एकटे बसू नका. आईवडिलांजवळ बसा, शिक्षकांकडे या, आणि जे वाटते ते बोला. बोलण्याने मन हलके होते, आणि हलक्या मनालाच पुढची वाट दिसते.

आणि पालकांनो, तुम्हांसही एक नम्र विनंती आहे. आपली राहून गेलेली इच्छा मुलाच्या पाठीवर लादणे फार सोपे असते. जो स्वतः डॉक्टर होऊ शकला नाही, तो मुलास डॉक्टर करू पाहतो. जिला शिकावयास मिळाले नाही, ती मुलीस सर्व विषयांत पहिली पाहू इच्छिते. हेतू प्रेमाचाच असतो. परंतु मूल हे आपल्या अपुऱ्या मनोरथांचे गाठोडे वाहणारे हमाल नव्हे. देवाने त्यास निराळे मन, निराळे हात, निराळा कल दिला आहे. त्या मुलाविषयी देवाची इच्छा काय असावी, हे ओळखण्यासाठी आधी त्या मुलाकडे नीट पाहिले पाहिजे. आपण स्वतःची इच्छा थोडी बाजूस ठेवली, तरच ते दिसते. मुलांनी समर्पण शिकावे अशी आपली अपेक्षा असेल, तर त्याचा पहिला पाठ त्यांस आपल्या घरी, आपल्याच वागणुकीत दिसला पाहिजे.

समर्पण हे एकदा करून संपणारे कृत्य नाही. आज सोडलेली इच्छा उद्या सकाळी पुन्हा मुठीत आलेली आढळते, आणि मूठ पुन्हा उघडावी लागते. म्हणूनच ती प्रार्थना प्रभूने रोजची म्हणून दिली असावी, भाकरीसारखी. ज्या दिवशी ती म्हणणे जड जाईल, त्या दिवशी ती हळू म्हणावी. शब्द फुटत नसतील तर नुसते बसून राहावे. परंतु अबोला धरू नये. आपली इच्छा सांगण्याचे धैर्य, ती सोपविण्याचा विश्वास, आणि उत्तर येईपर्यंत हातचे काम करीत राहण्याची चिकाटी, ही तिन्ही आपल्या शाळेतील प्रत्येक मुलास व मुलीस आणि त्यांच्या घरास लाभोत, एवढेच आमचे देवापाशी मागणे आहे.